छंद मालकाचा, छाती मिस्त्रीची

जुनी स्पोर्ट्‌स कार विकत घ्यायची, ती सुटी करायची आणि दोन-तीन वर्षे खपून पुन्हा रस्त्यावर आणायची, हा छंद पूर्वी मुंबई-पुण्याच्या मोजक्या घरांपुरता होता. आता मोबाइलवरच्या व्हिडिओंनी तो तालुक्याच्या गावापर्यंत आणला आहे. हिंगोली जिल्ह्यात खरीखुरी स्पोर्ट्‌स कार शोधून सापडणे कठीण. गोव्यात सॅन मोटर्सने गेल्या शतकाच्या अखेरीस ‘स्टॉर्म’ नावाची फायबरच्या बॉडीची, दोन आसनांची छोटी कार बनवली होती. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड त्याआधीची. या गाड्या इकडे क्वचितच दिसतात. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, महिंद्राची जुनी जीप, येझदी किंवा राजदूत ३५० यांपैकी काहीतरी वसमत, कळमनुरी, सेनगावकडच्या एखाद्या वाड्यात किंवा गोठ्याच्या आडोशाला धूळ खात उभे असते. ‘आजोबांची गाडी पुन्हा चालू करायची’ असे घरातल्या एखाद्या तरुणाच्या किंवा निवृत्त गुरुजींच्या मनात येते आणि काम सुरू होते.

आरोग्याच्या सदरात गाडीचा विषय कशाला, असे वाटेल. कारण हा छंद मनाला जितका चांगला, तितकाच शरीराला महाग पडू शकतो. आणि बहुतेक वेळा ती किंमत छंद करणारा मोजत नाही, त्याच्यासाठी राबणारा मिस्त्री मोजतो.

मनाला काय मिळते?

आधी चांगली बाजू. २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात १६ देशांतल्या, ६५ वर्षे व त्यावरील सुमारे ९३ हजार लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याबद्दलचे समाधान जास्त आढळले. छंदामुळेच हे घडले, असे अशा अभ्यासातून ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांची तब्येत बरी त्यांनाच छंद जमतो, हेही खरे. तरीही हाताला काम, डोक्याला कोडे, चार माणसांशी बोलणे आणि रोज थोडी पुढे सरकणारी गोष्ट या चारही बाबी जुन्या गाडीच्या कामात एकत्र येतात. निवृत्तीनंतर घरात नुसते बसून राहणाऱ्या माणसासाठी हे औषधापेक्षा कमी नाही.

त्याच कामाची एक उलटी बाजूही मानसशास्त्राला ठाऊक आहे. ज्यात पैसे आणि कष्ट घातले ते तोट्यात जात असले तरी सोडवत नाही. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी १९८५ साली हा स्वभाव प्रयोगांनी दाखवून दिला. दहा हजारांत घेतलेल्या गाडीवर लाख खर्च होतात, सुटे भाग मिळत नाहीत, बॉनेट उघडे ठेवून गाडी वर्षानुवर्षे अंगणात उभी राहते आणि घरात रोज त्यावरून वाद होतात. म्हणून गाडी घेण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात: कागदपत्रे नीट आहेत का, जास्तीत जास्त किती खर्च करायचा आणि कोणत्या टप्प्याला थांबायचे. पंधरा वर्षांवरील खासगी गाडीला योग्यता तपासणी करून पुनर्नोंदणी लागते. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी २०२१ च्या नियमांनुसार होते, पण ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. हे आरटीओमध्ये आधीच विचारलेले बरे.

धोका कुठे आहे?

काम सुरू झाले की गाडी आधी चाकांपासून सुटी होते. जुन्या ब्रेक शूच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. ड्रम उघडला की आत काळसर भुकटी असते आणि आपल्याकडची पद्धत म्हणजे कॉम्प्रेसरची हवा मारून ती उडवायची. याहून वाईट पद्धत शोधून सापडणार नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुफ्फुसात अडकतात आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपात समोर येतात. भारतात त्याचा वापर अजून पूर्ण बंद नाही, त्यामुळे बाजारातून आणलेला स्वस्त नवा लायनरही त्यापासून मुक्त असेलच असे नाही. उपाय साधा आहे: ड्रम उघडण्याआधी आणि उघडल्यावर साबणाचे पाणी फवारायचे, ओल्या फडक्याने पुसायचे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकायचे. हवा मारायची नाही, झाडूही मारायचा नाही.

मग येतो पत्रा. गंजलेला भाग कापणे, नवा तुकडा वेल्ड करणे, लांबी भरणे, घासणे. वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ पासून कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्याबद्दल पुरावा पुरेसा आहे अशा गटात ठेवले आहे. रंगाऱ्याचा व्यवसायही त्याच गटात आहे. जुना रंग कोरडा घासला की त्यातले शिसे धुळीबरोबर हवेत येते. पिवळ्या आणि नारंगी रंगांत लेड क्रोमेट हे रंगद्रव्य सर्रास वापरले जाई.

हळदीच्या जिल्ह्यात हे नाव जरा थांबून वाचावे असे आहे. हळद जास्त पिवळी दिसावी म्हणून भेसळीत वापरले जाणारे घातक रसायन ते हेच. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते. तपासणी, दंड आणि लोकशिक्षण यांच्या जोरावर २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले आणि हळद दळणाऱ्या कामगारांच्या रक्तातले शिसेही कमी झाले. मनावर घेतले तर शिसे हटवता येते, याचा हा पुरावा. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारे नियम २०१६ साली आले. पण ते घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत, आणि पद्मिनीवरचा चाळीस वर्षांपूर्वीचा थर तर कुठल्याच नियमाआधीचा.

शिसे रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडे बिघडवते आणि मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या तुलनेत चार-पाच पट हिस्सा लहान मुलाचे शरीर शोषून घेते. मिस्त्री ज्या कपड्यांत दिवसभर घासकाम करतो, त्याच कपड्यांत घरी जाऊन लेकराला उचलून घेतो. शिसे असे उंबरठा ओलांडते. म्हणून पाणीपेपरने ओले घासणे, कामाचे कपडे गॅरेजातच बदलणे आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे या तीन सवयी कोणत्याही गोळीपेक्षा जास्त उपयोगाच्या. फायबरच्या बॉडीची धूळ वेगळी, पण तिलाही हेच नियम लागू. तिच्या काचेच्या बारीक तंतूंनी कातडी आणि घसा दोन्ही सोलून निघतात.

सर्वांत फसवा टप्पा रंगाचा. चकचकीत, टिकाऊ रंगासाठी आता ‘टू-पॅक’ रंग वापरतात. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. १९८४ साली भोपाळमध्ये गळती झाली तो वायू याच कुळातला. हार्डनरमधला प्रकार तेवढा उडून जाणारा नसतो, पण गन मारताना त्याचे सूक्ष्म थेंब हवेत भरतात. व्यवसायामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत ही रसायने गणली जातात. एकदा शरीर त्यांना चिडायला लागले की पुढे अगदी थोडा फवाराही दम्याचा झटका आणतो आणि त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. घातक प्रमाणातही त्यांचा वास येत नाही. येतो तो थिनरचा. ‘वास गेला, आता काही नाही’ हा समज म्हणूनच घातक. नाकाला बांधलेला रुमाल किंवा कोरोनाकाळातला मास्क धूळ थोडीफार अडवेल, ही वाफ नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा सर्वांत चांगला. ते जमत नसेल तर किमान सेंद्रिय वाफेसाठीचे काडतूस असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा, ज्याची काडतुसे वेळच्या वेळी बदलली आहेत. असा मुखवटा साधारण एका टायरच्या किमतीत बसतो.

शेवटी इंजिन सुरू होते आणि सगळे आनंदाने शेडमध्ये गोळा होतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला धूर शुद्ध करणारे कन्व्हर्टर नसते. बंद शेडमध्ये ते चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे मे महिन्यात ‘ऊन लागले’ म्हणून सोडून दिली जातात. इंजिन उघड्यावरच सुरू करावे. पेट्रोलने हात धुण्याची सवयही मोडायला हवी. पेट्रोलमधला बेंझिन रक्ताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे आणि तो कातडीतूनही शरीरात जातो. आणखी एक गोष्ट इथेनॉलची. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर मऊ करते. गळती झाली की आग लागायला एक ठिणगी पुरते. नळ्या बदलल्याशिवाय टाकी भरू नये. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली, खाली भक्कम स्टँड दिल्याशिवाय कुणीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा जाऊ नये.

किंमत कोण मोजतो?

हे सगळे सांगण्याचा उद्देश छंदापासून कुणाला परावृत्त करण्याचा नाही. मालक महिन्यातून चार रविवार गाडीपाशी असतो. त्याच्या शरीराला या विषांचा वाटा थोडाच. मिस्त्री, वेल्डर आणि पेंटर मात्र दिवसाचे दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस याच हवेत असतात. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक गॅरेजे एक मिस्त्री आणि हाताखालची दोन पोरे अशीच चालतात. कामगार राज्य विमा योजना साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते, म्हणजे ही माणसे तिच्या बाहेर. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. पण तो हक्क रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडपर्यंत अजून पोचलेला नाही.

खोकला घेऊन पेंटर दवाखान्यात जातो तेव्हा त्याला बिडी-सिगारेटबद्दल विचारतात, क्षयाची तपासणी करतात. ते योग्यच. पण ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न केसपेपरवर क्वचितच येतो. रविवारी सुट्टी असली की दम कमी वाटतो आणि सोमवारी पुन्हा वाढतो, एवढी एक गोष्ट कळली तरी डॉक्टरांना कामाच्या जागेचा संशय येऊ शकतो. न विचारल्याने तो माणूस वर्षानुवर्षे पंप ओढत तेच काम करत राहतो.

यावर उपाय जिल्ह्यातच आहेत. हिंगोलीत २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या विद्यार्थ्यांनी सामाजिक वैद्यकशास्त्राचा भाग म्हणून शहरातल्या गॅरेजांत जाऊन मिस्त्री आणि पेंटर यांची फुंकर-चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री केली, काहींच्या रक्तातले शिसे तपासले, तर जिल्ह्याच्या हाती पहिल्यांदा स्वतःची आकडेवारी येईल. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे धडे देताना मुखवटा कसा बसवायचा आणि ब्रेकची धूळ कशी ओली करायची, हेही परीक्षेचा भाग करून शिकवता येईल. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहेच. निदान घासकाम आणि रंगकाम यांपासून अठरा वर्षांखालच्या कुणालाही लांब ठेवलेच पाहिजे.

पण यातल्या कशाचीही वाट न पाहता करण्याजोगी एक गोष्ट मालकाच्या हातात आहे. गाडीचा अंदाजपत्रक कागद मांडताना आपण पत्रा, लांबी, रंग, क्रोम, सीट कव्हर, टायर असे सगळे लिहितो. त्यात पेंटरचा मुखवटा आणि काडतुसे, हातमोजे, चष्मा, पाणीपेपर आणि एक मोठा एक्झॉस्ट पंखा या पाच ओळी वाढवाव्यात. ‘मला याची सवय नाही, साहेब’ असे मिस्त्री म्हणेल. तेव्हा पैसे देणाऱ्याने आग्रह धरावा, कारण मजुरीसाठी उभ्या असलेल्या माणसाला अशी अट स्वतःहून घालणे परवडत नाही. लाख-दीड लाखाच्या छंदात हा खर्च पाच-दहा हजारांच्या वर जात नाही. तो करायची तयारी नसेल, तर जुनी गाडी घेण्याइतकी आपली ऐपत नाही असे समजावे.