घराला माणसं लागतात

यंदा जानेवारीत काकी पहिल्यांदाच दुबईला आली. आम्ही तिला मॉल दाखवले, बुर्ज खलिफा दाखवला. तिनं मान वर करून बघितलं आणि "मान दुखता" म्हणून खाली घातली. ती खुलली ती खाडीकाठच्या बस्तकियात. अल फहिदीच्या अरुंद बोळातून चालताना एका जुन्या दाराच्या चौकटीवर हात फिरवून म्हणाली, "ह्यो साग आपलोच मा?"

तिचा अंदाज अगदीच वावगा नव्हता. जुन्या दुबईत सागवान हिंदुस्थानातूनच गलबतांनी यायचं. इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथं घरं बांधली. भिंतींना समुद्रातला प्रवाळाचा दगड, वर जिप्समचा गिलावा आणि माथ्यावर बारजील, म्हणजे वाऱ्याचा मनोरा. येईल त्या दिशेचा वारा पकडून तो खालच्या खोलीत उतरवायचा. वीज नसताना दुबईचा उन्हाळा माणसांनी असा काढला.

आज आपण पाहुण्यांना हौसेनं दाखवतो ती ही वस्ती 1980 च्या दशकात जवळजवळ गेलीच होती. निम्मी पाडून झाली होती, उरलेलीही पाडायची ठरली होती. तिथं राहणाऱ्या रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुविशारदानं आपलं घर दुरुस्त केलं आणि 1989 मध्ये मोहीम उघडली. दुबईला येणार असलेल्या प्रिन्स चार्ल्सना त्यानं पत्र लिहिलं. राजपुत्र आले, सगळी वस्ती पायी हिंडले, ही जपायला हवी म्हणाले. थोड्याच दिवसांत पाडण्याचा निर्णय मागे घेतला गेला.

याच राजपुत्रानं अठरा वर्षांनी स्कॉटलंडमध्ये एक सरदारी वाडा वाचवला. एअरशरमधला डम्फ्रीज हाऊस 1750 च्या दशकात अ‍ॅडम बंधूंनी बांधला. आतलं फर्निचर चिपेंडेल या नामांकित कारागिराचं, त्या घरासाठीच करून घेतलेलं. 2007 मध्ये वारसानं वाडा आणि सामान दोन्ही विकायला काढलं. सामानाचे ट्रक लिलावासाठी लंडनच्या वाटेला लागले होते, तेवढ्यात सौदा झाला आणि ते अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. किंमत 4 कोटी 50 लाख पौंड, त्यातले 2 कोटी कर्जाचे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तो मुलूख कोळशाच्या बंद पडलेल्या खाणींचा. नुसतं संग्रहालय करून भागणार नव्हतं. म्हणून तिथं दगडकाम, शिवणकाम, स्वयंपाक आणि हॉटेलकाम शिकवायला सुरुवात झाली.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठले पौंड! मग सावंतवाडीला चला. तिथला भोसल्यांचा राजवाडाही त्याच अठराव्या शतकातला, जांभ्याचा, समोर मोती तलाव. राज्य गेलं, नंतर तनखेही गेले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांच्या लक्षात आलं, की गावची गंजिफाची कला संपत आली आहे. दशावतारी गंजिफाचा पूर्ण डाव 120 गोल पत्त्यांचा: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, सगळे हातानं रंगवलेले. जाणकार म्हणून वृद्ध पुंडलिक चितारी उरले होते. राजा-राणी स्वतः त्यांच्याकडे शिकले आणि राजवाड्याच्या दरबारातच चिताऱ्यांना बसवून काम सुरू केलं. जिथं मुजरे झाले तिथं कुंचले चालू लागले. कलेला छप्पर मिळालं, पण मला वाटतं छपरालाही कला मिळाली. लोक बघायला येऊ लागले, वाडा उघडा राहिला.

हे सगळं आताच का सुचावं, याला कारण आहे. आमच्या घराला विचारणा आली आहे.

आमचं घर काही राजवाडा नव्हे. पडवी, माजघर, देवघर, मागे न्हाणी आणि पुढे शेणानं सारवलेलं खळं. सातबाऱ्यावर अकरा नावं; त्यातली चार आखातात, दोन मुंबईत, एक कॅनडात. घर वर्षातून गणपतीचे सात दिवस उघडतं. बाकीचं वर्ष वाळवीचं. एका बिल्डरला ती जागा बंगल्यांसाठी हवी आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादानं आकडा टाकला तेव्हा बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. त्या शांततेत मीही होतो. खरं सांगतो, पहिला विचार मुलीच्या फीचा आला.

काकीला बस्तकियात बसवून मी हे सांगितलं. म्हटलं, आम्ही सगळे मिळून पैसे पाठवू, घर पक्कं करून घेऊ. ती मनोऱ्याकडे बघत होती. म्हणाली, "पैशान घर उभा रवता रे, जगणा नाय. घराक माणसां लागतत."

बोलणं मला लागलं, कारण पैसे तर आम्ही दर वर्षी पाठवतोच. पावसाआधी कौलं परतायला जो सुतार येतो तो सत्तरीचा आहे. त्याच्या हाताखाली कुणी नाही. पैसे पोचतात, पण तो थकला की ते घ्यायला माणूस नसेल.

म्हणून यंदा गणपतीत आम्ही एवढंच ठरवलं: दोन वर्षं विकायचं नाही. सुताराबरोबर गावातली दोन मुलं शिकायला ठेवायची, त्यांचा रोज आखातातल्या चौघांनी द्यायचा. पडवी गावच्या मुलांना अभ्यासाला उघडी, किल्ली काकीकडे. दोन वर्षांनी पुन्हा बसायचं. दादा अजून नाराज आहे आणि त्याचं गणितही खोटं नाही.

गेल्या आठवड्यात काकीनं फोटो पाठवला. पडवीत चार मुलं पुस्तकं घेऊन बसली आहेत, मागे कौलांवर एक पोरगा चढलेला. खाली तिनं लिहिलंय, "तीन कौलां फोडल्यान."

फोडू दे. शिकतोय.

तुमच्याही गावाकडे कुलूप लावलेलं एखादं दार असेलच. या दिवाळीत निदान किल्ली कुणाकडे आहे, एवढं विचारून ठेवा. शुभ दीपावली!