आईचे दूध आणि सनस्क्रीन

बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की सून पुन्हा दुकानात जाऊ लागते. उन्हात जाताना ती सनस्क्रीन लावते आणि सासूबाईंच्या मनात शंका येते: हे दुधातून बाळाच्या पोटात तर जाणार नाही ना?

शंका निराधार नाही. ऑक्सिबेंझोनसारखी रसायने त्वचेतून रक्तात उतरतात, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१९ मधील अभ्यासात आढळले. ऑक्सिबेंझोन मातेच्या दुधातही सापडले आहे. मात्र त्यामुळे बाळास अपाय होतो, असे सिद्ध झालेले नाही. झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड हे घटक मुख्यतः त्वचेवरच राहतात. म्हणून अंगावर पाजणाऱ्या मातेसाठी ते अधिक योग्य.

माल पारखून घेणाऱ्या घराने ट्यूबवरील घटकही वाचावेत. सनस्क्रीन स्तनांवर लावू नये. लागलेच तर पाजण्यापूर्वी धुवावे. बाळाला घेण्याआधी हातही धुवावेत. सहा महिन्यांखालील बाळासाठी सनस्क्रीनऐवजी सावली, टोपडे व अंगभर सुती कपडे उत्तम.

शंका आली तर डॉक्टरांना विचारावे. पण केवळ शंकेपोटी बाळाचे दूध तोडू नये. त्यात बाळाचेच नुकसान आहे.