पडदा कोणता घ्यावा? डोणगावच्या ओसरीतून पाहिलेला टीव्हीचा इतिहास

१/
बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर डोणगाव वसले आहे. सोयाबीनचे पैसे हाती आले की अशा गावांतील एखादे कुटुंब नवा टीव्ही घ्यायला निघते. दुकानात तीन शब्द कानांवर आदळतात : एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी. ऐकायला तिन्ही सख्खी भावंडे. किमतीत मात्र वीस हजारांपासून लाखापलीकडचे अंतर. हे अंतर नेमके कशाचे आणि ते डोणगावच्या घरात डोळ्यांना दिसेल का, याचे उत्तर जाहिरातीपेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट सापडते. म्हणून हा धागा. 🧵

२/
आरंभ काचेच्या नळीपासून. १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी कॅथोड किरण नलिका तयार केली. निर्वात नळीत मागून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो, समोरच्या काचेवरील लेपावर आदळतो आणि तेथे प्रकाश उमटतो. झोत ओळीओळीने फिरवला की चित्र तयार होते. गावोगावी जिला ‘पिक्चर ट्यूब’ म्हटले गेले ती हीच. पुढची शंभर वर्षे टीव्ही म्हणजे ही नळी, असेच समीकरण राहिले.

३/
भारतात दूरचित्रवाणीचे प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. रंग आला तो १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी. त्या काळी संच ठेवण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. रंगीत संच काळ्या-पांढऱ्या संचाहून कितीतरी महाग असल्याने विदर्भातील खेड्यांत पुढची अनेक वर्षे काळा-पांढराच चालला. ‘रामायण’ (१९८७) आणि ‘महाभारत’ (१९८८) असंख्य घरांनी रंगाविना पाहिले, आणि त्यावाचून कोणाचे अडले नाही.

४/
या काळातील एक प्रयोग आजच्या खरेदीदारानेही ध्यानात ठेवावा असा आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही चालवले गेले. ‘साइट’ हे त्याचे नाव. सहा राज्ये निवडली गेली : राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक. महाराष्ट्र त्यात नव्हता, तेव्हा डोणगावच्या वाट्याला तो आला नाही.

५/
‘साइट’चे महत्त्व संचाच्या रचनेत आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री उभारून थेट उपग्रहाचा संकेत घेतला जाई. संच बनवताना उष्णता, धूळ, कमीजास्त होणारा विजेचा दाब आणि दुरुस्तीची सोय यांचा आधी विचार झाला. चित्र किती देखणे, हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणजे संच जेथे चालायचा ती जागा आधी पाहिली गेली. आजच्या खोक्यावर नेमकी हीच माहिती नसते.

६/
महाराष्ट्राच्या बाबतीत ही कहाणी डोणगावच्या त्याच महामार्गाने पश्चिमेकडे जाते. मेहकर, सिंदखेडराजा, जालना ओलांडून छत्रपती संभाजीनगर गाठले की पैठण रस्त्यावर चितेगाव लागते. तेथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. जपानच्या तोशिबाच्या तांत्रिक सहकार्याने ऐंशीच्या दशकात या कंपनीने रंगीत संच बनवायला घेतले आणि मराठवाड्यातील नाव देशभरच्या बैठकींत पोहोचले. काचेच्या नळीच्या युगातील हा महाराष्ट्राचा सर्वांत मोठा ठसा.

७/
२००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधील कारखाने त्यासोबत आले. कंपनी जगातील प्रमुख नळी-उत्पादकांत जाऊन बसली. पण २००७ सरता सरता जगात नळीच्या संचांपेक्षा सपाट एलसीडी संच अधिक विकले जाऊ लागले. पुढे कंपनीने इतरही अनेक क्षेत्रांत हात घातले, कर्ज वाढत गेले आणि जून २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. पडझडीची कारणे अनेक होती. तरी नळीचा अंदाज चुकला होता, हे उघड आहे. ज्यांचा व्यवसायच टीव्ही होता त्यांनाही पुढची दोन वर्षे दिसली नाहीत. मग ‘भविष्यासाठी आत्ताच महाग घ्या’ या सल्ल्यावर सामान्य गिऱ्हाइकाने किती विसंबावे?

८/
नळीला हरवणारा एलसीडी मुळात वनस्पतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर जन्मला. १८८८ मध्ये ऑस्ट्रियाच्या फ्रीडरिश रायनित्सर यांना एक पदार्थ धड घनही नाही आणि धड द्रवही नाही, अशा अवस्थेत आढळला. हाच द्रवस्फटिक. १९६८ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या चमूने त्याचा पडदा करून दाखवला. भारताचाही यात वाटा आहे : १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. अशा रेणूंचा थर पुढे एलसीडी पडदा बाजूनेही नीट दिसावा म्हणून वापरला गेला.

९/
एलसीडीचे मर्म एकच : द्रवस्फटिक स्वतः उजळत नाही. मागे दिवा सतत जळत असतो आणि पुढचे स्फटिक खिडकीच्या झडपेसारखे उघडतात-मिटतात. झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा प्रकाश झिरपतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत एलसीडीचा काळा रंग राखाडी दिसतो. त्याची सारी कमजोरी या झिरपणाऱ्या प्रकाशात आहे. उलट उजेड्या खोलीत तो ठळक दिसतो, आणि ते त्याचे बळ आहे.

१०/
आता नावांची उकल. आरंभी मागे बारीक ट्यूबलाइटसारखे दिवे असत. निळ्या एलईडीचा शोध लागल्यावर (त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले) पांढरे एलईडी शक्य झाले आणि मागचा दिवा बदलला. पडदा तोच राहिला, दुकानात नाव मात्र ‘एलईडी टीव्ही’ झाले. पुढे त्या दिव्यासमोर क्वांटम डॉट या अतिसूक्ष्म कणांचा थर बसवून रंग अधिक शुद्ध केले (या कणांच्या शोधाला २०२३ चे नोबेल) आणि नाव ‘क्यूएलईडी’ झाले. मिनी-एलईडीत मागचे दिवे शेकडो-हजारोंनी वाढवून गटागटाने मंद करता येतात. तिन्ही सुधारणा खऱ्या आहेत. तरी तिन्हींचे घराणे एलसीडीचेच.

११/
ओएलईडीचे घराणे निराळे. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी वीज दिली की स्वतः उजळणारा सेंद्रिय पातळ थर सिद्ध केला. येथे मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका आपला उजेड आपण देतो आणि काळा दाखवायचा तेव्हा सरळ विझतो. २००७ मध्ये सोनीने पहिला संच विक्रीला काढला : अवघा ११ इंची, किंमत दोन लाख येन. मोठे ५५ इंची संच २०१३ मध्ये आले. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहायचा तर आज घरोघरच्या पडद्यांत ओएलईडीच्या तोडीचे चित्र क्वचितच मिळते. हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

१२/
पण उत्तम चित्र म्हणजे विजय, असे या इतिहासात घडलेले नाही. १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जन्मलेला प्लाझ्मा पडदा घ्या. काचेच्या कोठड्यांत वायू उजळत असे, काळा रंग गडद येई, वेगवान दृश्ये स्वच्छ दिसत. पायोनियरच्या ‘कुरो’ संचांचे (जपानीत कुरो म्हणजे काळा) जाणकारांनी मनापासून कौतुक केले. तरी पायोनियरने २००९ मध्ये टीव्हीचा व्यवसाय सोडण्याचे जाहीर केले, आणि पॅनासॉनिकने २०१३ मध्ये प्लाझ्मा थांबवला. प्लाझ्मा जड होता, वीज अधिक खाई, उजेडात फिका पडे. एलसीडी चित्रात उणा होता, पण स्वस्त होत गेला आणि उजेडात चालला. लोकांनी तो घेतला. हा लोकांचा अडाणीपणा नव्हता. घरे उजेडाची होती.

१३/
हाच निकष डोणगावला लावावा. घराचे दार दिवसभर उघडे, उजेड थेट पडद्यावर. येथे ओएलईडीचा गडद काळा रंग बाहेरच्या उजेडात विरून जातो आणि ज्यासाठी लाख मोजले तेच हरवते. घरात सात-आठ माणसे, कोणी समोर, कोणी कडेला भिंतीशी. एलसीडीत आयपीएस नावाचा पडदा कडेनेही नीट दिसतो, मात्र त्याचा काळा अधिक राखाडी असतो. व्हीए नावाचा पडदा समोरून अधिक गडद असतो, पण कडेने फिकटतो. हा फरक रोज डोळ्यांना जाणवणारा आहे. खोक्यावर तो ठळकपणे बहुधा लिहिलेला नसतो.

१४/
खोक्यावर ठळक असते ते ‘४के’. त्याचा हिशेब सोपा आहे. निरोगी डोळ्याची भेद करण्याची शक्ती साधारण एक कलेचा (अंशाचा साठावा भाग) कोन एवढी. ४३ इंची फुल एचडी पडद्यावर एक ठिपका सुमारे अर्धा मिलिमीटरचा. पावणेदोन मीटर, म्हणजे साडेपाच-सहा फुटांपलीकडे बसले की हे ठिपकेच वेगळे दिसत नाहीत. मग ४के मध्ये ते आणखी बारीक केले तरी डोळ्याला काय कळणार? ५५ इंचीसाठी हे अंतर सुमारे सात फूट. खाट किंवा सतरंजी पडद्यापासून किती दूर आहे, हे आधी पावलांनी मोजावे.

१५/
त्याहून मोठा प्रश्न चित्र येते कोठून हा. खेड्यांतील कितीतरी छपरांवर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री असते. २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर महिन्याचे भाडे नाही. तिच्यावरील बहुतांश वाहिन्या साध्या प्रतीच्या, म्हणजे एका चित्रात फार तर ७२० × ५७६, सुमारे सव्वाचार लाख ठिपके. ४के पडद्यावर ठिपके सुमारे ८३ लाख. म्हणजे आलेल्या एका ठिपक्यापासून पडद्याला वीस ठिपके अंदाजाने भरावे लागतात. स्वस्त संचातील चिप हे काम ओबडधोबड करते, आणि नवा मोठा टीव्ही जुन्यापेक्षा पुसट वाटू लागतो. चित्राचा दर्जा साखळीतील सर्वांत कच्ची कडी ठरवते. ती कडी बहुधा पडद्याची नसते.

१६/
मग दुरुस्ती. नळीच्या काळात तालुक्याचा कारागीर संच उघडून सुटा भाग बदलून देई. आजच्या साध्या एलसीडीत मागच्या एलईडी पट्ट्या किंवा विजेचा बोर्ड गेला तर आवाक्यातल्या खर्चात बदलता येतो. पॅनेल फुटले तर मात्र खर्च नव्या संचाच्या जवळ जातो. ओएलईडीला आणखी एक भीती : न हलणारी चिन्हे तासन् तास राहिली की त्यांचा कायमचा डाग उमटू शकतो. वृत्तवाहिनीची लाल पट्टी आणि कोपऱ्यातील चिन्ह ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत असते, त्या घराने हे विसरू नये.

१७/
शेवटी किंमत, शेतकऱ्याच्या मापाने. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. ४३ इंची साधा ४के एलईडी वीस ते पंचवीस हजारांच्या घरात मिळतो, म्हणजे चार-पाच क्विंटल. ५५ इंची ओएलईडीला लाखाच्या वर मोजावे लागतात, म्हणजे वीस क्विंटलच्या आसपास. कोरडवाहू एकरी चार-पाच क्विंटल धरले तर एक टीव्ही चार-पाच एकरांचे सारे पीक खातो, तेही बियाणे, खत, फवारणी, मजुरी वजा न करता आणि हमीभाव खरोखर हाती पडला तर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील संचांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दिलासा खरा आहे, पण त्याने हे गणित उलटत नाही.

१८/
यावर एक आक्षेप रास्त ठरेल : खेड्यातल्या माणसाने नेहमी कमी प्रतीचेच का घ्यावे? उत्तम चित्र काय शहरानेच पाहायचे? घ्यावे, अवश्य घ्यावे. ज्याच्या घरी अंधार करता येईल अशी खोली आहे, चांगले इंटरनेट आहे, चित्रपटाची हौस आहे आणि पदरी पैसा आहे, त्याने ओएलईडी जरूर घ्यावा, मग तो डोणगावचा असो की दादरचा. आक्षेप महाग वस्तूवर नाही. जे गुण त्या घरात कधी दिसणारच नाहीत त्यांचे पैसे हप्त्याहप्त्याने वसूल होण्यावर तो आहे.

१९/
बाकीच्या घरांसाठी निष्कर्ष साधा. ४३ इंची, उजेडात ठळक दिसणारा एलसीडी घराण्यातील संच. माणसे कडेने बसत असतील तर आयपीएस, समोरून बसत असतील तर व्हीए. दुरुस्तीची सोय मेहकरात आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. दुकानदाराला ४के ची चित्रफीत बंद करून साधी वाहिनी लावायला सांगावी, दार उघडे ठेवावे आणि दोन पावले कडेला सरून पाहावे. वाचलेल्या पैशातून विजेच्या दाबापासून संरक्षण आणि बरा आवाज देणारा साउंडबार घ्यावा, कारण सपाट पडद्यांनी चित्राला जागा देताना स्पीकरची जागा खाल्ली आहे.

२०/
पन्नास वर्षांपूर्वी ‘साइट’च्या अभियंत्यांनी खेडे पाहून संच घडवला होता. आज संच कारखान्यातून तयार येतो, म्हणून खेडे पाहण्याचे काम गिऱ्हाइकाला स्वतः करावे लागते. ते एका दुपारचे काम आहे, आणि त्याची मजुरी दहा-पंधरा क्विंटल सोयाबीन इतकी पडू शकते. (धागा समाप्त)