वजन गाडीचे नव्हे, आखाचे

रस्ता खचला की आपल्याकडे निकाल तयार असतो: कंत्राटदाराने पैसे खाल्ले. खाल्ले असतीलही, त्याची वकिली मला करायची नाही. पण चोख बांधलेला रस्तासुद्धा उसाच्या दोन हंगामांत बसू शकतो, आणि त्याचे मूळ डांबरात नसून कागदावरच्या एका आकड्यात असते. हा आकडा म्हणजे त्या रस्त्यावरून पुढच्या काळात किती भार जाणार याचा अंदाज. माझा विषय अर्थशास्त्र, इंजिनिअरिंग नव्हे. पण हिशेब घरात बसून समजण्याजोगा आहे.

गाड्या वाढल्या म्हणून रस्ता झिजला, असे आपण म्हणतो. रस्त्याची जाडी ठरवताना मात्र मोटारसायकली आणि कार हिशेबात धरतच नाहीत. भरल्यावर ३ टन किंवा त्याहून अधिक होणारी वाहनेच मोजतात, आणि त्यांचेही एकूण वजन नव्हे, तर एकेका आखावरचे. बैलगाडीचा आख आपल्याला ठाऊक आहे, कन्नडमध्ये अच्चु. ट्रकचा अॅक्सल तोच. दोन्ही बाजूंना जोडटायर असलेल्या एका आखावर ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८.१६ टन, हे प्रमाण माप मानले आहे.

या हिशेबाचा पाया अमेरिकेत घातला गेला. इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे लष्कराचे जवान ट्रक फिरवत राहिले; एका पट्ट्यावर हलके, दुसऱ्यावर जड. किती फेऱ्यांनी कोणता रस्ता मोडतो ते नोंदले. निघाले असे की नुकसान वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आखावरचा भार दुप्पट झाला तर नुकसान दुप्पट नव्हे, सोळापट.

वर्गात हे फळ्यावर मांडतो तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही. १०.२ टनांचा एक आख रस्त्यावरून एकदा गेला की सुमारे २.४ प्रमाण आख गेल्यासारखे. त्याच आखावर १४ टन लादले की ८.७! माल दीडपटही नाही, नुकसान साडेतीनपट. २०१८ साली केंद्र सरकारने चार टायरांच्या आखाची कायदेशीर मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. वाढ जेमतेम तेरा टक्के दिसते; याच सूत्राने नुकसान साठ टक्क्यांवर जाते. त्याआधी बांधलेल्या रस्त्यांना हे कोणी विचारले नव्हते.

अंदाज काढतात तो असा. सात दिवस, रात्रंदिवस रस्त्याकडेला माणसे बसवून गाड्या मोजायच्या. नमुन्यादाखल काही ट्रक बाजूला घेऊन त्यांच्या आखांचे वजन करायचे. त्यावरून एका गाडीमागे सरासरी किती प्रमाण आख पडतात तो गुणक काढायचा. मग वर्षाची वाढ धरायची आणि राष्ट्रीय व राज्य महामार्ग असेल तर २० वर्षांची बेरीज करायची. समजा एका पट्टीवरून रोज १००० जड वाहने जातात, वाढ ५ टक्के आणि गुणक ४ आहे. वीस वर्षांत ४.८ कोटी प्रमाण आख झाले. गुणक ७ निघाला तर ८.४ कोटी. गाड्या तेवढ्याच, एकही जास्त नाही. म्हणून वजन न करता पुस्तकातला गुणक उचलणे मला धोक्याचे वाटते.

आता आपला ऊस. चिकोडी, अथणी, गोकाक, हुक्केरी या भागांत दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते आणि गावच्या अरुंद रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर धावू लागतात. मोजणी जूनमध्ये केली तर त्यातला एकही कागदावर येणार नाही. गावरस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची वेगळी पुस्तिका आहे, एसपी ७२. सुगीत वाढणारी वाहतूक वेगळी धरा, असे तीत स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे नियम नाही असे नव्हे.

मागच्या हंगामात हुक्केरीच्या वाटेवर चहाला थांबलो असता एका ट्रॅक्टरवाल्या अण्णांना विचारले, "टन एष्टु री?" ते हसून मराठीतच म्हणाले, "काट्यावर गेल्यावर कळतंय की सर. रस्त्याला कोण सांगतंय?" त्यांना तरी काय दोष द्यावा? भाडे टनावर मिळते, हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि ट्रॅक्टरचा हप्ता बारमाही.

त्यांच्या बोलण्यातला 'काटा' मात्र माझ्या डोक्यात राहिला. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या प्रत्येक खेपेचे वजन होते, पावती फाटते, तारीख पडते. कोणत्या गावचा ऊस हेही नोंदलेले असते. रस्त्याच्या अंदाजासाठी इतकी खात्रीची वही दुसरी कुठली मिळणार? ट्रॉलीला आख किती हे डोळ्यांनी दिसते; एकूण वजनाला भागले की ढोबळ आकडा हाती येतो. काट्यावरून शेतकरी आणि कारखाना यांच्यात वाद असतात हे खरे, पण रस्त्याच्या कामापुरती ती नोंद शून्यापेक्षा केव्हाही बरी.

तुमच्या गावचा रस्ता मंजूर होईल तेव्हा त्याचा प्रकल्प अहवाल माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाची फी १० रुपये. अहवाल इंग्रजीत असेल, सोबतचे पत्र कन्नडमध्ये. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला वाचायला बसवा. जाड अहवालातली तीनच पाने काढायची: मोजणी कोणत्या महिन्यात झाली, आखांचे वजन खरोखर केले की गुणक पुस्तकातून घेतला, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या रकान्यात काय लिहिले आहे. तिथे नुसती रेघ असेल, तर ग्रामसभेत ते पान घेऊन उभे राहा, काम सुरू व्हायच्या आधी.