कापायचा तो पार्ट, गाडी नव्हे

जुन्या गाडीला नवा बनवलेला पार्ट बसत नसेल, तर ग्राइंडर पार्टवर चालवायचा, गाडीवर नाही. ही गोष्ट लिहून सांगावी लागते, याचाच मला संताप येतो. दिल्लीत 'रिस्टोरेशन'च्या नावाखाली मी जे बघतो ते बरोबर उलटं आहे. पन्नास वर्षं टिकलेला कारखान्याचा पत्रा कापायचा आणि गेल्या महिन्यात कुठल्यातरी शेडमध्ये ठोकलेल्या मडगार्डाला जागा करून द्यायची. त्यावर पुट्टी, पुट्टीवर चकचकीत रंग, की मालकाच्या हातात किल्ली. मालक खूश होऊन घरी जातो. गाडी मात्र संपलेली असते.

माझ्याकडे १९७० सालची फियाट ११०० आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पुढे हीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. आमची मात्र वडिलांच्या बदलीबरोबर दिल्लीला आली आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरसमोर, बाबू मार्केटच्या अलीकडच्या गल्लीत, कडुनिंबाखाली उभी राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. पत्रा असा, की हाताला घट्टे पडलेला जुना डेंटरसुद्धा बॉनेटवर टिचकी मारून 'असली माल' म्हणतो. मग त्याच असल्या मालाला कापायला त्याचा हात कसा धजावतो, हे मला समजत नाही.

डाव्या बाजूचं पुढचं मडगार्ड गंजून खालून फाटलं होतं. एका दुकानातून नवं आणलं. काळा रंग फासलेलं, वर स्टिकर, दुकानदाराच्या तोंडी 'एकदम फिट'. गाडीला लावून धरलं तर बॉनेटकडची कड जुळली, पण दाराकडची कड वरच्या बाजूला दाराला घासत होती आणि खाली अख्खं बोट जाईल एवढी फट. हेडलाइटचं भोक गोल नव्हतंच, लंबगोल होतं. काळा रंग खरवडला तेव्हा खाली गंजाचे ठिपके दिसले. म्हणजे तो रंग संरक्षणासाठी नव्हता, झाकण्यासाठी होता. दुकानात परत गेलो तर उत्तर तयार होतं: "साहब, थोड़ा-बहुत काम तो करना ही पड़ता है." हे थोडं-बहुत काम म्हणजे दोन-तीन दिवसांची वेल्डिंगची मजुरी, आणि ती भरायची मी. माल त्याचा चुकीचा, खर्च माझा.

गॅरेजमधल्या डेंटरने तर मडगार्डाकडे धड बघितलंही नाही. "अंदर की पत्ती काट देते हैं, बैठ जाएगा." आतली पत्ती म्हणजे सांगाड्याची कड. या गाडीला वेगळी चासी नाही. १९५३ मध्ये इटलीत फियाटने ही मांडणी आणली तेव्हापासून पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा आहे. ती कड एकदा कापली की उद्या अगदी अचूक मडगार्ड मिळालं तरी ते बसवायला गाडीत जागाच उरत नाही. चुकीच्या पार्टच्या मापाने बरोबर गाडी कायमची चुकीची होते. आमच्या सरोजिनी नगरच्या बाजारात एक्स्पोर्टच्या उरलेल्या कपड्यांचे ढीग असतात, मापाचा भरवसा नसतो, म्हणून अल्टरेशनवाले मशीन घेऊन बसलेले असतात. ते कुर्ता मापात आणतात. गिऱ्हाइकाचा खांदा तासायला कोणी निघत नाही.

हे काम नीट कसं होतं तेही सांगतो, कारण 'असंच करावं लागतं' हे सरळ खोटं आहे. आधी पार्ट बाजूला ठेवायचा आणि गाडी तपासायची. दाराच्या बिजागऱ्यांच्या पिना झिजलेल्या असतील तर दार खाली लोंबतं. लोंबत्या दाराशी फट मोजून मडगार्डाला दोष देणं हा मूर्खपणा आहे. पिना बदला, दार जागेवर आणा. मागून पुढे या: आधी मागचं दार, मग पुढचं, मग मडगार्ड, मग बॉनेट. दाराखालचा लांब पत्रा गंजला असेल आणि बदलायचा असेल, तर तो कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून आधार द्यायला हवा. तो दिला नाही तर सांगाडा मधून दबतो आणि मग जगातलं कुठलंच दार त्या गाडीला लागत नाही. नंतर हेच लोक म्हणतात, फियाटची दारं अशीच असतात. फियाटची दारं अशी नसतात. तुम्ही ती तशी केलीत.

हे सगळं झाल्यावर पार्टला हात लावायचा. आमच्या मडगार्डाची दाराकडची कड शेवटी आम्ही उभी चिरली. खालचा भाग दाराकडे ओढून घेतला, उघडलेल्या पाचरीत तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची पट्टी घातली, वेल्डिंगचे चार टाके मारले, लावून बघितलं, काढलं, पुन्हा चार टाके. सलग वेल्डिंग केलं असतं तर पत्रा तापून वेडावाकडा झाला असता. वर घासणारी कड हातोडी आणि डॉलीने आत घेतली. हेडलाइटचं भोक जुन्या मडगार्डावरून कागदी फर्मा काढून गोल केलं. हे सगळं उघड्या पत्र्यावर, प्रायमरचा थेंबही न लावता. ज्याने हे केलं तो तोच डेंटर, 'पत्ती काट देते हैं' म्हणणारा. फट वरपासून खालपर्यंत एकसारखी आली तेव्हा तिच्यावरून त्याने अंगठा फिरवला आणि कडेला उभ्या असलेल्या पोराला बोलावून दाखवली. कला त्याच्या हातात आहे, आणि आजची नाही, बापाकडून आलेली आहे. तिचे पैसे द्यायला मात्र गाडीमालक तयार नाहीत.

म्हणून माझा खरा राग मालकांवर आहे. 'द स्टेट्समन'ची व्हिंटेज गाड्यांची रॅली दिल्लीत १९६४ पासून आहे. थंडी जवळ आली की गॅरेजमध्ये फोन सुरू होतात: रॅलीच्या आधी गाडी हवी. घाई यांची, बजेट यांचंच अपुरं, आणि वर 'शोरूमसारखी दिसली पाहिजे' ही अट. मग डेंटरने काय करावं? तो कापतो आणि पुट्टी भरतो. एका ओळखीच्या गृहस्थांच्या गाडीला मी चुंबक लावून बघितलं, तर मडगार्डाच्या खालच्या भागात ते धरेचना. पत्र्यावर इतका जाड थर होता. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. फोटोत दिसत नाही, म्हणाले.

पार्ट असे वाकडे येतात त्यालाही कारण आहे. हा स्थानिक मालाचा धंदा वाढला तो टॅक्सीच्या जिवावर. टॅक्सीवाल्याला फट सरळ आहे का याचं सोयरसुतक नव्हतं. ठोकलेलं मडगार्ड संध्याकाळपर्यंत लागलं आणि गाडी धंद्यावर गेली की झालं. त्या माणसाला तो माल योग्यच होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, आणि तसलाच माल आता 'व्हिंटेज' म्हणून विकला जातो. नमुना कुठून घेतला? एखाद्या भंगारातल्या, दोनदा ठोकून सरळ केलेल्या मडगार्डावरून. नकलेची नक्कल, आणि तीही पातळ पत्र्यात. विचारलं कुठल्या सालासाठी, तर म्हणे 'सगळ्यांना चालतं'. १९६४ ची गाडी आणि नव्वदच्या दशकातली गाडी लांबून सारखी दिसते, एवढंच त्यांना पुरतं. इंग्लंडात ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ मध्ये एमजीबी गाडीचे नवे सांगाडे बाजारात आणले, ते कारखान्याच्या जुन्या साच्यांवर काढलेले. देशभरात लाखो घरांत पोचलेल्या गाडीसाठी आपल्याकडे असं काहीही उभं राहिलं नाही.

आणि दिल्लीत हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी उचलून धरली. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला इथे रीतसर वाट उरली ती २०२१ च्या जुलैमधल्या केंद्राच्या व्हिंटेज नियमांची. 'व्हीए' मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि रोजच्या वापराला मनाई. त्यात अट आहे की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठे बदल झालेले नसावेत. म्हणजे ज्या मूळपणावर गाडीचा जगायचा हक्क उभा आहे, तोच आपण गॅरेजमध्ये पैसे देऊन कापून घेतो. असल्या गॅरेजवाल्यांना मी स्वच्छ सांगतो: तुम्ही गाडी दुरुस्त करत नाही, तिचा पुरावा नष्ट करता.

मडगार्डाचं जे, तेच बाकी पार्टचं. दाराच्या रबराचं बघा. नवं बीडिंग कडक आणि जाड येतं, दार लागत नाही. मग दार अर्धवट उघडून मधे लाकडाचा ठोकळा घालतात आणि गुडघा लावून चौकटच वाकवतात. दार लागतं, आणि पहिल्या पावसात वरच्या कोपऱ्यातून पाणी आत. मऊ रबर शोधा, नाही मिळालं तर आहे ते आतल्या बाजूने ब्लेडने तासा. रबर दोनदा फुकट गेलं तरी चालेल. बंपरची भोकं जुळत नसतील तर क्रोम करायच्या आधी वेल्डने बुजवून नवी पाडा, कारण क्रोम चढल्यावर वेल्डिंग केलं की मुलामा जळतो. मागच्या दिव्याची काच बसत नसेल तर स्क्रू आवळू नका, ती तडकेल. खालचा गॅस्केट बदला.

ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र यातलं काहीही चालणार नाही. व्हील सिलिंडर, टाय रॉडचा एंड, ब्रेकचा पाइप यांना कानस लावायची नाही, पॅकिंग घालायचं नाही, 'घासून बसवतो' म्हणणाऱ्या माणसाच्या हातातून वस्तू काढून घ्यायची. बसत नाही म्हणजे चुकीची आहे. ती दुकानात परत.

आणि परत घ्यायलाच हवी. विक्रेत्यांकडे माझं मागणं साधं आहे. पार्टवर साल लिहा, पत्र्याची जाडी लिहा, नमुना नव्या मालावरून घेतला की भंगारावरून तेही लिहा. बसला नाही तर पूर्ण पैसे द्या. हे जमत नसेल तर 'फिट' म्हणून विकू नका. 'पत्रा, अंदाजे मडगार्डाच्या आकाराचा' म्हणून किलोवर विका, मी त्या भावाने घेईन आणि माझ्या डेंटरला त्याची पूर्ण मजुरी देईन.