मोठ्या कॅमेऱ्याचा मोठेपणा

गेल्या वर्षी भाऊबिजेस आमचे मेहुणे पुण्याहून आले, ते गळ्यात डी.एस.एल.आर. अडकवूनच. सौ.ने ओवाळून तबक खाली ठेवले न ठेवले, तोच त्यांची दृष्टी माझ्या कॅमेऱ्याकडे गेली. परक्याच्या पोराचे प्रगतिपुस्तक ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "दाजी, आता हे खेळणं सोडा. साहित्यिक माणूस तुम्ही! चांगला डी.एस.एल.आर. घ्या."

साहित्याचा आणि कॅमेऱ्यातल्या आरशाचा संबंध मला अजून उमगलेला नाही. पण वाचकहो, हा उपदेश एकट्या मेहुण्यांचा नव्हे. शाळेतले सहकारी, गावातले लग्नाचे फोटो काढणारे तरुण, ज्यांनी जन्मात कॅमेरा हाती धरला नाही असे आमचे शेजारी, सर्वांचा एकच घोष: 'अपग्रेड करा!' या शब्दाला मराठीत काय म्हणावे? बढती म्हणावे तर बढतीने पगार वाढतो. ही तर दोन महिन्यांचा पगार खाऊन ढेकर देणारी. धाकटीच्या वसतिगृहाची फी यंदाच वाढली आहे, हे उपदेशकांपैकी कोणी विचारीत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकचे; त्यावर चित्रकला-शिक्षकाची परीक्षा. शास्त्र मला फारसे कळत नाही. पण गुणाकार-भागाकार येतो, आणि तेवढ्यावर मी हा वाद घालायला उभा आहे.

माझा कॅमेरा सुपरझूम जातीचा. निकॉनने २०१५ साली पी-९०० काढला, तो. वजन सुमारे नऊशे ग्रॅम. त्याचे भिंग ८३ पटींनी दूरचे जवळ आणते. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मापात सांगायचे, तर २४ पासून २००० मिलिमीटरपर्यंत. वडूजच्या माणसाला एवढे लांबचे कशाला पाहायचे, असे कोणी विचारील. आमचा खटाव तालुका दुष्काळी खरा, पण येरळा नदीवर येरळवाडीचा तलाव आहे, पलीकडे मायणीचा आहे, आणि थंडीत या पाण्यावर पाहुणे उतरतात. पट्टकादंब येतात, चित्रबलाक येतात आणि मुख्य म्हणजे रोहित, ज्यांना कोणी अग्निपंख म्हणतात. मायणी आणि आसपासचे तलाव मिळून २०२१ साली पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले, ते काही उगाच नव्हे.

आता हिशेब मांडू. रोहित किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर चरतो आहे असे धरा. माझ्या कॅमेऱ्याने पुरते ओढले, तर चित्रात सुमारे साडेतीन मीटर रुंदीचा तुकडा येतो. पक्षी अर्धे चित्र व्यापून उभा राहतो. त्याची वाकडी चोच चिखलात उलटी कशी जाते, ते पोरांना मोजून दाखवता येते. मेहुण्यांच्या डी.एस.एल.आर.बरोबर आलेले भिंग १८ ते ५५ मिलिमीटरचे. त्याच जागेवरून त्यांच्या चित्रात ऐंशी-पंच्याऐंशी मीटर रुंदीचा तलाव येतो, आणि त्यात रोहित म्हणजे भाकरीवरचा तीळ! माझ्याएवढा पक्षी त्यांना हवा असेल, तर पक्ष्यापासून आठ मीटरवर जाऊन उभे राहिले पाहिजे.

आणि लोक जातात हो! माझा खरा संताप इथे आहे. गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी बाहेरगावची पाच-सहा हौशी मंडळी येरळवाडीस आली. सर्वांच्या गळ्यात मोठे कॅमेरे, पुढे आखूड भिंगे. प्रथम ती काठावर बसली. मग चिखलात उतरली. मग गुडघाभर पाण्यात. रोहिताला उडण्यासाठी पाण्यावरून धावत जावे लागते. तो काही चिमणीसारखा भुर्रकन उडत नाही. सगळा थवा धावला, उठला आणि पलीकडे दिसेनासा झाला. मंडळींना उडत्या थव्याचे चित्र मिळाले. ती आनंदाने डबे सोडून बसली. माझ्याबरोबर सातवीची अकरा पोरे आली होती, सायकली दामटीत. त्यांना रिकामे पाणी मिळाले.

"दाजी, मग मोठं भिंग घ्यायचं!" हे मेहुण्यांचे उत्तर तयारच आहे. १५० ते ६००चे भिंग मिळते, ठाऊक आहे. दोन किलोच्या घरातले ते धूड लावूनही पल्ला माझ्या निम्म्यापाशीच राहतो, आणि त्याची किंमत ऐकून सौ.ने हातातले लाटणे खाली ठेवले होते.

मी आंधळा भक्त नाही. माझ्या कॅमेऱ्याची चित्र टिपणारी काच करंगळीच्या नखाएवढी; डी.एस.एल.आर.ची तिच्या तेरापट. कमी उजेडात हा फरक लपत नाही. सूर्य कलला की माझ्या चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. उडता पक्षी दहांत एकदा सापडतो. लग्नमंडपात राबणाऱ्याने किंवा वर्तमानपत्रात पोट भरणाऱ्याने मोठा कॅमेरा अवश्य घ्यावा. सुताराला मी रंधा घेऊ नको म्हणणार नाही. पण आपण? आपली चित्रे जातात व्हॉट्सॲपवर, बोटभर होऊन. माझ्या कॅमेऱ्याचे चित्र पंधरा इंच लांब, अकरा इंच रुंद स्वच्छ छापता येते. या दिवाळी अंकाचे पान त्याहून लहान आहे.

शिवाय गंमत पाहा. ज्या आरशासाठी हा आटापिटा, तो आरसाच आता चालला आहे. कॅननने २०२० साली काढलेला वन-डी-एक्स मार्क थ्री हा आपला शेवटचा अव्वल डी.एस.एल.आर., असे त्यांच्या प्रमुखांनी २०२१ च्या अखेरीस सांगून टाकले. पुढचा बाजार बिनआरशाचा. म्हणजे मी आज बढती घ्यावी, आणि परवाच्या भाऊबिजेस मेहुण्यांनी पुन्हा नाक मुरडावे!

हरल्यावर मेहुणे दादासाहेब फाळक्यांना मध्ये आणतात. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ साली विलायतेस गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले. तुम्ही दोन पगार काढायला कचरता? बरोबर आहे. पण आल्यावर त्यांनी प्रथम काय टिपले? कुंडीतला वाटाणा! रोज थोडे थोडे टिपत त्यांनी त्या अंकुराचा वेल होताना दाखवला. त्यांना काय दाखवायचे ते ठाऊक होते, आणि ते दाखवणारे दुसरे यंत्र घरात नव्हते. मेहुण्यांच्या कॅमेऱ्याने वर्षभरात काय टिपले, हे मी विचारले. वाढदिवसाचे दोन केक आणि सिंहगडावर स्वतः मेहुणे.

माझ्या कॅमेऱ्याचे एक वैभव मात्र कुठल्याच जाहिरातीत नाही. तो पोरांच्या हाती देता येतो. त्याचे भिंग बदलावे लागत नाही, म्हणून धूळ आत जायची भीती नाही. पट्टा मानेत घातला की सातवीतली पोरगीही तो सहज पेलते. गेल्या वर्षी मेंढपाळाच्या घरच्या एका मुलीने बंधाऱ्यावर पालथे पडून पट्टकादंबाचे डोके टिपले, डोक्यावरच्या दोन्ही काळ्या पट्ट्यांसकट. ते चित्र आमच्या चित्रकलेच्या वर्गात लागले आहे. दोन पगारांचा कॅमेरा मी तिच्या हाती दिला असता का? खरे सांगतो, नसता दिला. तो कपाटात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या शेजारी बसला असता आणि किल्ली माझ्या जानव्याला नसली तरी करदोट्याला असती.

मेहुणे या डिसेंबरात पुन्हा येणार आहेत. लांब भिंग भाड्याने आणतो, असे त्यांनी कळवले आहे. जरूर आणावे. ते ओझे बंधाऱ्याच्या भिंतीपर्यंत मी स्वतः वाहून नेईन. त्यापुढे मात्र त्यांनी एक पाऊलही टाकायचे नाही, ही अट सौ.मार्फत आधीच पुण्यास गेली आहे.