दमलेय म्हणायची मुभा कुणाला?

बंगळूरूच्या राजाजीनगरात ईएसआयचं मोठं रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या वापरात नसलेल्या जुन्या शवागारात दोन मृतदेह सापडले. जुलै २०२० मध्ये कोविडने गेलेली दोन माणसं. मधल्या काळात नवं शवागार सुरू झालं, जुनं तसंच पडून राहिलं, आणि त्या शीतपेट्यांत कुणी आहे हे वर्षाहून अधिक काळ कुणाच्या ध्यानातच नव्हतं. ते ध्यानात आलं सफाईला गेलेल्या कामगारांमुळे. मग बातम्या झाल्या, स्थानिक आमदारांनी पत्र लिहिलं, चौकशीची मागणी झाली. हे सगळं रास्तच होतं. पण ते दार ज्यांनी उघडलं त्यांना त्या रात्री जेवण गेलं का, हे कुणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

हा प्रश्न आज काढायचं कारण म्हणजे ‘बर्नआउट’ हा शब्द. कोविडनंतर तो फार ऐकू येतो. डॉक्टरांचा बर्नआउट, नर्सेसचा बर्नआउट, त्यावर परिसंवाद, ध्यानधारणेची शिबिरं. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या केली. कामाच्या जागचा, हाताळला न गेलेला दीर्घकाळचा ताण; त्यातून येणारा थकवा, कामाबद्दलचा तुटकपणा, आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. आणि एक खुलासाही केला की हा आजार नाही, कामाशी जोडलेली घटना आहे.

त्याच महिन्यात, २२ मे २०१९ ला, मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेली. जळगावची, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ करून तिला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप ठेवला गेला. तिचा थकवा वरच्या व्याख्येत कुठे बसवायचा? तासांचा हिशेब करून तो हाती लागणार नाही. बारा तास उभं राहणं वेगळं, आणि त्या बारा तासांत तू इथली नाहीस हे ऐकत उभं राहणं वेगळं.

आमच्या घरातली पहिली शिकलेली बाई म्हणजे माझी मावशी. जीएनएम झाली तेव्हा वस्तीत पेढे वाटले होते. इतक्या वर्षांत ‘दमले गं’ हे तिच्या तोंडून मी एकदाच ऐकलं आणि तेही तिने लगेच गिळलं. म्हणाली, “आपण दमलो तर म्हणतील, बघा, कोट्यातली.” हे वाचणाऱ्यांतल्या अनेकांनी हे वाक्य आपापल्या घरात, आपापल्या शब्दांत ऐकलं असेल. सवर्ण सहकारी थकला तर तो कामाच्या ओझ्याने थकतो. आपण थकलो तर आपली लायकी निघते. म्हणून घरातला पहिला पदवीधर शेवटपर्यंत थकत नाही, तो थेट कोसळतो.

मराठीत नर्सला परिचारिका म्हणतात. सरकारी कागदावर अधिपरिचारिका. शब्द मोठा सोज्वळ वाटतो. पण गीतेचा अठरावा अध्याय काढून बघा. चार वर्णांची कर्मं वाटताना तिथे शूद्राच्या वाट्याला परिचर्या येते आणि ती त्याच्या स्वभावातूनच आलेली म्हटली आहे. सगळी मेख इथे आहे. जे स्वभावातून येतं त्याचे तास कोण मोजणार? झाडाला कुणी विचारतं का, सावली देऊन दमलास का? सेवा हा धर्म ठरला की पगार हा उपकार ठरतो आणि रजा ही चोरी. दर १२ मे ला परिचारिका दिनी फुलं देणारे, भाषणात ‘सेवाभाव’ म्हणणारे हात बहुधा पगाराच्या फाइलवर सही करताना थरथरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी समिती नेमायला लावली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २० हजार द्या, असं त्या समितीने सांगितलं. तुमच्या तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये काय देतात, ते तुम्हीच विचारून पाहा.

आणि ही गोष्ट पदवीधरांची. खाली उतरलं की नावंही बदलतात: आया, मावशी, वॉर्डबॉय, हाऊसकीपिंग. बंगळूरूच्या रस्त्यांवरच्या पौरकार्मिकांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत हे ते शहर जाणतं. रुग्णालयाच्या आतली झाडू-फडकी कुणाच्या हातात असतात हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. आशाताईंना तर कामगारच मानलेलं नाही, त्या ‘स्वयंसेविका’. पगार नाही, मानधन. कर्नाटकात सुमारे ४२ हजार आशा आहेत. जानेवारी २०२५ मध्ये त्या बंगळूरूच्या फ्रीडम पार्कात थंडीत बसल्या तेव्हा कुठे महिना १० हजारांचं आश्वासन मिळालं. त्यांच्यासाठी ध्यानधारणेचं शिबिर कुणी भरवल्याचं ऐकलं नाही. भरवावं असंही नाही, त्यांना पैसे हवे होते.

आता पुन्हा राजाजीनगर. ते रुग्णालय ज्या योजनेचं आहे तिचं मूळ बाबासाहेबांच्या खात्यात आहे. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४३ मध्ये, प्रा. अडारकरांवर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम सोपवलं गेलं. १९४८ चा ईएसआय कायदा त्यातून उभा राहिला. १९४६ मध्ये कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं विधेयकही बाबासाहेबांनीच मांडलं. १९९२ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी केंद्राने साधारण ४८ तासांचंच सूत्र लिहिलं. आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कृतिदल शिफारस करतो की ७४ तासांहून जास्त नको! म्हणजे गिरणी कामगाराला १९४६ साली जे मिळालं ते आज डॉक्टरला स्वप्नातही नाही. आयोगाचा हेतू वाईट नसेल. पण प्रत्यक्षात ९०-१०० तास चालतात म्हणून ७४ ला दिलासा म्हणायचं, हे मला पटत नाही.

बर्नआउट आजार नाही, हा खुलासा शास्त्राच्या दृष्टीने ठीक असेल. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बाईला त्याचा अर्थ एवढाच की दमल्याचं सर्टिफिकेट मिळत नाही. पण आजाराचं मिळतं, आणि ते पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला, योजनेत येणारा कामगार, मग तो ठेक्यावरचा असला तरी, ईएसआयचा विमाधारक असतो. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो.

तुम्ही रुग्णालयात असाल, डॉक्टर म्हणून, नर्स म्हणून किंवा कॉम्प्युटरवर, तर तुमच्या मजल्यावरच्या मावशींना त्यांचा ईएसआय नंबर विचारा. कापलेले पैसे ठेकेदार भरतो का, ते फोनवर त्यांच्यासमोर बघून द्या. आणि पुढच्या वेळी ताणावरचं सत्र लागलं की त्यांनाही बोलवा, ड्युटीच्या वेळेत, हजेरी न कापता. आयोजकांचा चेहरा बघा.